सोफामास्तरांचे गाल

सोफामास्तरांचा चेहरा बघून गिऱ्हाईक आधी विचारायचं, "आमचं काही चुकलं का?" जुने सोफे उसवून नव्याने भरण्यात त्यांची हयात गेली. तोंडात बारीक खिळे धरून धरून नाकापासून ओठांच्या कोपऱ्यांपर्यंत दोन खोल घळी पडल्या. हसले तरी कुणाला पत्ता लागत नसे. मास्तर स्वतःच सांगायचे, "माझ्या लग्नाच्या फोटोत मीच वधूपिता दिसतो."

लेकीने लग्न ठरवून मुलाला घरी आणलं, तेव्हा मात्र ही थट्टा अंगाशी आली. मुलगा सालस, हसतमुख. मास्तरांनी त्याला आग्रहाने दोनदा चहा पाजला. तो गेला आणि लेक रडवेली झाली.

"बाबा, तुम्हाला तो आवडला नाही. तुमच्या मनाविरुद्ध मी लग्न करणार नाही."

"अगं, आवडला! हा चेहराच मेला असा आहे!"

तिला काही ते पटेना. मग मास्तरांनी डॉक्टरीणबाई गाठल्या. त्या म्हणाल्या, "पोटाची थोडी चरबी नळीने ओढून घेऊ, स्वच्छ करू आणि या घळींखाली भरू. थोडी जिरेल, बाकीची टिकेल."

"म्हणजे आमचाच धंदा की! पाठीतला कापूस काढून बैठकीत भरायचा."

दिवस ठरला. पण परक्या बाईपुढे ढेरी उघडी टाकायची लाज, म्हणून मास्तरांनी जेवण निम्म्यावर आणलं. डॉक्टरीणबाईंनी पोट चिमटीत धरून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, मालच कमी करून आलात?"

"घाबरू नका," सोबत आलेली मास्तरांची बायको म्हणाली, "मागच्या बाजूला गोदाम आहे."

यथावकाश सूज उतरली, घळी बुजल्या. आरशात एक प्रेमळ गृहस्थ दिसू लागला. मास्तरांना त्याची ओळख करून घ्यावीशी वाटली. मुलगा पुन्हा चहाला आला. मास्तर झाडून सगळे दात दाखवून हसले. तो गेल्यावर लेक त्यांच्याकडे बघत राहिली.

"बाबा, डोळ्यांत अजून तीच नाराजी दिसतेय."

मास्तरांनी भरलेल्या गालांवरून हात फिरवला. सगळं खापर त्या बिचाऱ्या घळींवर फोडलं होतं.

"मुलगा सोन्यासारखा आहे गं. तू जाणार, तेच मला आवडत नाही."

लेकीने त्यांना घट्ट मिठी मारली.

"लग्न कर," मास्तर डोळे पुसत म्हणाले, "पण गाल दाबू नकोस. भरण अजून ताजं आहे."