अलकाताईंचं कोपर

"मॅडम, तुमचं मशीनच बिघडलं आसंल," भाऊसाहेब म्हणाले.

मशीन दाखवत होतं एकशे सत्तर बाय शंभर. मी तिसऱ्यांदा मोजलं. तेच. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, भाजीचा टेम्पो चालवणारा, बीपीच्या तीन गोळ्या चालू, आणि बीपी जागचं हलायला तयार नाही. मी सरळ आरोपच केला, "गोळ्या चुकवता तुम्ही."

"मी माज्या हातानं देते," त्यांची बायको अलकाताई म्हणाल्या, आणि पिशवीतली रिकामी पाकिटं टेबलावर ओतली. एकही गोळी शिल्लक नव्हती.

देवळाली प्रवरात पंचवीस वर्षं दवाखाना चालवतेय. गोळ्या चुकवणारा मला चेहऱ्यावरून कळतो, असा माझा तोरा. मग आठवलं, मागच्या खेपेला हे गृहस्थ बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या झोपले होते, आणि कानात स्टेथोस्कोप असूनही मला त्यांचंच घोरणं ऐकू येत होतं.

"घोरता ना तुम्ही?"

"लई!" त्यांना अभिमानच. "पडलं की झोप. आमचे वडील बी आसंच घोरायचे."

"आन् पन्नाशीत झोपेतच गेले," अलकाताई हळूच म्हणाल्या. "तवापासून मला लई भ्या वाटतं, मॅडम."

सगळंच घोरणं काही वाईट नसतं. पण काहींचा घसा झोपेत मिटतो आणि श्वास थांबतो. रक्तातला ऑक्सिजन उतरतो. मेंदू दचकून माणसाला अर्धवट उठवतो, श्वास सुरू. थोड्या वेळानं पुन्हा तेच. माणसाला वाटतं आपण गाढ झोपलो, पण हृदयाला रात्रभर विसावा नसतो. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. त्यानं बीपी चढतं, हार्ट अटॅक आणि लकव्याचा धोका वाढतो. गोळ्या बिचाऱ्या काय करणार?

झोपेतला श्वास मोजणारं स्लीप स्टडीचं किट घरी दिलं. छातीला पट्टा, नाकाशी नळी, बोटाला चिमटा. रिपोर्ट आला जवळजवळ नॉर्मल!

"बघा! उगं घाबरवलं आमाला," भाऊसाहेब खूश.

मी वैतागले. ईसीजीसाठी दोघांना बाहेर थांबवलं आणि चौथी गोळी लिहायला घेतली. दार उघडंच होतं. भाऊसाहेब बाकावर झोपले होते. अलकाताई शेजारच्या बाईला मेथीचे लाडू कडू होऊ नयेत म्हणून काय करायचं ते सांगत होत्या. घोरणं एकदम थांबलं. बोलणं न थांबवता, तिकडं न बघता अलकाताईंनी कोपर मारलं. भाऊसाहेबांनी खाडकन श्वास घेतला आणि गाडी पुन्हा सुरू. जरा वेळानं परत तेच.

मी पेन टाकून बाहेर आले. "अलकाताई, रात्रीसुद्धा असंच करता?"

"व्हय. घोरण्यानं मला जाग येत न्हाई. घोरणं थांबलं की येते."

"टेस्टच्या रात्री?"

"त्या रात्री तर जागीच हुते. नाकात नळी, काई झालं म्हंजी? कुशीवर निजवलं आन् हालवत ऱ्हायले."

झालं! मशीननं रात्रभर अलकाताईंचं कोपर मोजलं होतं.

"टेस्ट परत करू. या वेळी हात लावायचा नाही."

"न्हाई जमायचं." त्यांचे डोळे भरून आले. "मी न्हाई हालवलं आन् श्वास परत आलाच न्हाई तर? बारा वर्सं हेच करती, मॅडम. तुमी जिम्मा घेता?"

भाऊसाहेब बायकोकडं बघतच राहिले. "कोपर मारती म्हून मीच हिच्यावर वरडायचो," ते म्हणाले.

"घेते जिम्मा," मी अलकाताईंना म्हणाले. टेस्ट दवाखान्यातच केली, सिस्टरला शेजारी बसवून. अलकाताईंना पलीकडच्या खोलीत खाट दिली.

सकाळी रिपोर्ट हातात आला. तासाला चाळीस वेळा श्वास थांबत होता. सिस्टर म्हणाली, "आणि वहिनी? रात्री आडव्या झाल्या, त्या थेट सकाळी चहाला हलवूनच उठवल्या."

पुढं नाकाला लावायचं सीपॅप मशीन आलं. ते हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवतं. "बैलाला मुसकं घातल्यावानी वाटतंय," म्हणत भाऊसाहेबांनी आठवडाभर कुरकुर केली. मग रोज सकाळचं डोकं दुखणं थांबलं आणि कुरकुरही. दोन महिन्यांनी बीपी एकशे तीस बाय चौऱ्याऐंशी. सगळ्यांचं इतकं उतरत नाही, यांचं उतरलं. एक गोळी कमी केली.

निघताना अलकाताईंनी पिशवीतून टॉनिकची बाटली काढून टेबलावर ठेवली. "ही आता नको, मॅडम. आता थकवा न्हाई."

दोन वर्षं त्यांच्या फाईलवर मी 'थकवा' लिहून टॉनिक देत होते. वर "नीट जेवत जा" म्हणून रागवायचेही. लाज वाटली, खोटं कशाला बोलू? नवरा एका फाईलमध्ये, बायको दुसरीत. दुखणं एकच, आणि मी ते दोन कप्प्यांत ठेवून दिलं होतं.

आता कुणाचं बीपी हटेना झालं की मी त्यांना बाकावर बसवते आणि बायकोला आत बोलावते. पहिला प्रश्न तिलाच.

"ताई, तुम्ही झोपता का?"