सोजरचा हात हलला नव्हता

"सिस्टर, तो नमुना पॉझिटिव्ह आलाय."

केजच्या एसटीडी बूथमध्ये मी रिसीव्हर कानाला लावून उभी होते. पलीकडून विद्यापीठाच्या संशोधन केंद्रातल्या डॉक्टर मॅडम बोलत होत्या. आदल्याच दिवशी त्या नमुन्याची सुई माझ्या अंगठ्यात घुसली होती.

मी केंद्राच्या प्रकल्पात नर्स होते. गावोगाव जाऊन एचआयव्ही कसा होतो, कसा टाळायचा हे सांगायचं आणि ज्यांची तयारी असेल त्यांचं रक्त तपासणीला घ्यायचं, हे माझं काम. युसूफ वडगावला एका विधवेचं रक्त घेतलं. तिचं खरं नाव सांगत नाही, तिला सोजर म्हणते. नवरा ट्रकवर होता. तो गेल्यापासून तिला सारखा ताप यायचा.

रक्त काढून झालं आणि मी सवयीनं सुईवर टोपण परत चढवायला गेले. हेच करू नका, असं प्रशिक्षणात दहादा बजावलं होतं. मी किंचाळले. सोजर दचकली.

"माजा हात हलला का वो, बाई?"

मी काहीच बोलले नाही. निकाल मला कळला तर चालेल का, एवढं विचारलं. "सांगा की," ती म्हणाली. केंद्राच्या फॉर्मवर मी लिहिलं, रुग्णाचा हात हलला.

फोनवर मॅडम सांगत होत्या, "पीईपी सुरू करू. पोस्ट-एक्सपोजर प्रोफिलॅक्सिस. विषाणूनं शरीरात घर करण्याआधी त्याला अडवणाऱ्या गोळ्या. बहात्तर तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात. चार आठवडे, एकही चुकवायची नाही. आणि बाळाला अंगावर पाजणं आजपासून बंद."

माझा मुलगा अकरा महिन्यांचा होता.

आमचं किराणा दुकान. मी ह्यांना गिऱ्हाईक नसताना सांगितलं, फॉर्मवर लिहिलं तसंच. त्यांनी शटर अर्ध्यावर ओढलं.

"कोणाचं रगत व्हतं?"

"ते सांगता येत नाही."

"पण त्या माणसाचा हात कावून हलला?"

मी मान खाली घातली. ते मोटारसायकल काढून मांजरसुंब्याला गेले. केंद्राची जीप तिथल्या ढाब्यापर्यंत गोळ्या घेऊन येणार होती. ते परत आले तेव्हा पाकीट शर्टाच्या आत, छातीशी होतं.

गोळ्यांनी मळमळ थांबेना. तोंडाला लोखंडाची चव. बाळ पदर ओढून रडायचं, मी पाठ करून बसायची आणि हे त्याला बाटली घेऊन दुकानात न्यायचे. आम्ही वेगळं झोपत होतो. तेही मॅडमनीच सांगितलं होतं, निदान खात्री होईपर्यंत.

खात्री लवकर होत नाही. विषाणूविरुद्ध शरीर जी द्रव्यं तयार करतं, ती तपासणीत दिसायला वेळ लागतो. त्या मधल्या काळाला विंडो पीरियड म्हणतात. त्या काळात निगेटिव्ह आलेल्या कागदावर भरवसा ठेवता येत नाही. हे मी शेकडो जणांना समजावलं होतं. ऐकणाऱ्यावर तेव्हा काय गुदरतं, ते आत्ता कळत होतं. सहा आठवड्यांनी निगेटिव्ह. तीन महिन्यांनी निगेटिव्ह. तरी अंगाला जरा कणकण वाटली की मी थर्मामीटर शोधायची.

सोजरला तिचा निकाल मॅडमनी स्वतः सांगितला. तिच्या मुलीचंही रक्त तपासलं, ते निर्दोष निघालं. मधे एकदा सोजर केजला मला भेटायला आली. पायरीवरच बसली. "तुमचं समदं नीट होऊ दे बाई. माज्या हातानं लई वंगाळ झालं." तेव्हाही मी गप्प राहिले. नोकरी जाईल ही भीती होती. त्याहून जास्त, ह्यांना काय वाटेल ही.

सहा महिन्यांनी मॅडमनी कागद पुढे सरकवला. निगेटिव्ह. "सुटलात, सिस्टर." मी रडले, आणि रडतच सगळं सांगितलं. त्यांनी कपाटातून माझा फॉर्म काढून पुढे ठेवला. "दुरुस्त करा, खाली सही करा. आणि तिला कधी सांगणार?"

घरी ह्यांना सांगितलं. "आदी सांगायचं ना," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वडगावला गेले. सोजर अंगणात तूर पाखडत होती. माझा रिपोर्ट ऐकून तिनं दोन्ही हात जोडले. मी ते हात धरले आणि म्हणाले, "तुझा हात हलला नव्हता. मीच टोपण लावत होते. चूक माझी."

तिनं हात सोडवून घेतले.

"म्हंजे... लेकीच्या वेण्या बी घालत न्हवते मी. शेजारनीकडं धाडायची. वाटायचं, ह्याच हातानं तुमाला..."

सुई हाताळणाऱ्या माझ्या बहिणींनो, टोपण परत लावू नका. आणि सुई टोचलीच, तर फॉर्मवर खरं तेच लिहा.

सोजरनं मला माफ केलं का, ठाऊक नाही. "लई उशीर केला, बाई," ती म्हणाली. मग घराकडे तोंड करून हाक मारली, "पारू, फणी आन." पोरगी आली, आईकडे बघत जरा घुटमळली. सोजरनं तिला पुढ्यात बसवलं आणि तिच्या केसांत बोटं घातली.