प्रयागबाईंचा पॉपीचा वाफा

प्रयागबाई कांद्याच्या लागणीला बसल्या की शेजारच्या सरीतल्या बायका गप्पा बंद करायच्या. गप्पा मारत बसलं तर मागे राहायची खात्री. निमगाव साव्यात त्यांनी चाळीस वर्षं कांदा लावला, आणि रोप टाकावं तर त्यांनीच, असं गाव अजून म्हणतं. मी सून होऊन आले त्याच आठवड्यात एका बाईनं मला सांगितलं, "तुझ्या सासूनं वाळकी काठी खवली तरी फुटंल." काठीचं मी पाहिलेलं नाही. पण आत्यांचा स्वभाव बघता न फुटण्याची हिंमत काठीला झाली नसती. मी त्यांना आत्याच म्हणते.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलल्या आणि डॉक्टरांनी उकिडवं बसायला बंदी केली. उकिडवं न बसता कांदा लावता येत नाही, म्हणजे शेत बंद. मग दारापुढचा दहा बाय बाराचा तुकडा त्यांनी ताब्यात घेतला. एका उंच स्टुलावर बसायचं, हात लांब करून मेथी-कोथिंबीर लावायची, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याच्या शेतातल्या चुका सांगायच्या. दिवस मजेत जात होते.

गेल्या श्रावणात त्याच तुकड्यात पाय घसरून आत्या चिखलात पडल्या. मी शाळेत शिकवायला गेलेले, माझा नवरा भरत पिकअप घेऊन मंचरला. तो परत आला तेव्हा त्या तशाच पडलेल्या होत्या. त्यांना काहीही झालं नव्हतं. झालं ते भरतला. त्यानं आठ दिवसांत पेव्हर ब्लॉक आणून भिंतीला थप्पी लावली आणि जाहीर केलं, की अंगण सगळं पक्कं करायचं, गाडी पण आत लागेल. मायलेक एकमेकांशी बोलेनात. निरोप माझ्यामार्फत जायचे. "तुज्या नवऱ्याला सांग" आणि "तुझ्या सासूला सांग" यांच्या मध्ये मी पोळ्या लाटत होते.

दसऱ्याच्या सुमारास मी आत्यांना नारायणगावला हस्तीमल शेठच्या बियाण्याच्या दुकानात घेऊन गेले. तिथं काउंटरवर एक रंगीत पाकीट पडलं होतं. वर केशरी-पिवळी फुलं.

"पॉपी आहे," शेठ म्हणाले. "बारमाही. जगलं तर दरसाल फुलतं. बंगलेवाल्यांसाठी मागवलं, कोणी नेलं नाही. तुम्हाला नाही जमायचं ते, प्रयागबाई."

शेठनी एवढी वर्षं दुकान चालवलंय, कुठल्या गिऱ्हाइकाला काय म्हणायचं ते त्यांना बरोबर कळतं. आत्यांनी पाकीट उचललं आणि थेट कमरेच्या पिशवीत घातलं.

घरी आल्यावर त्या दोन महिन्यांत पहिल्यांदा भरतशी समोरासमोर बोलल्या. "शिवरात्रीपत्तोर ह्येला फूल आलं तर वाफा ऱ्हाईल. न्हाई आलं तर बसव तुजं ब्लॉक. मी एक शबूद बोलनार न्हाई."

भरतनं पाकिटावरचं चित्र पाहिलं, इंग्रजी अक्षरं पाहिली आणि आनंदानं हो म्हणाला. त्याच्या मते ब्लॉक बसलेच होते.

पाकिटावरच्या सूचना वाचायचं काम माझ्याकडे आलं. मोबाइलवर शोधते म्हटलं तर आत्या म्हणाल्या, "मोबाईलनं कदी खुरपं धरलंय का?" मग मी बारीक अक्षरातल्या चार ओळी वाचून दाखवल्या. बी मातीनं झाकायचं नाही, त्याला उजेड लागतो, हे ऐकून त्या हबकल्या. उघडं बी मुंग्या नेतील अशी त्यांची खात्री. पण केलं. खसखशीहून बारीक बी चाळलेल्या वाळूत मिसळून गादीवाफ्यावर भुरभुरलं, फळीनं हलकेच दाबलं, आणि फवारणीच्या हातपंपानं धुकं पडावं तसं पाणी मारलं. बाराव्या दिवशी वाफा हिरवा झाला. आत्या तालात आल्या.

गावातही बातमी पसरली, की प्रयागबाईनं अफू लावली. पोलीस पाटील भिमाजी चौकशीला आले, पाकिटाचा फोटो काढला, चहा घेतला, आणि ही शोभेची जात आहे याची खात्री पटल्यावर जाताना हळूच विचारून गेले, "काकू, ह्याची खसखस अनारशाला चालंल का?"

डिसेंबरात सगळं गाव कांद्याच्या लागणीत असताना आत्यांना राहवलं नाही. एका रविवारी त्यांनी पॉपीची रोपं उपटली, कांद्याच्या रोपासारखे शेंडे आणि मुळ्या छाटल्या, आणि चार-चार बोटांवर ओळीनं लावून टाकली. अशी सरळ लागण की बघत राहावं. कोपऱ्यातली अकरा मरतुकडी रोपं लावण्याच्या लायकीची नव्हती, ती तशीच वाफ्यात राहिली.

चौथ्या दिवशी लावलेलं एकूण एक रोप भुईसपाट झालं. तेव्हा मी पाकीट पुन्हा हातात घेतलं आणि पाचवी ओळ वाचली. रोप हलवू नये, मुळाला धक्का सोसत नाही. मी रोज पोरांना घसा फोडून सांगते, की प्रश्न शेवटपर्यंत वाचा. त्या दिवशी मला जमिनीत जावंसं वाटलं. आत्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या हाताकडे बघत म्हणाल्या, "आरते, उपटून लावायलाच शिकले मी जन्मभर. हात न लावायचं आता कोन शिकवनार मला?"

आणि तेच त्या शिकल्या. ती अकरा मरतुकडी रोपं पुढचे दोन महिने जागेवरच वाढली आणि आत्या स्टुलावर बसून हात एकमेकांत गुंतवून ठेवायच्या. सकाळी उजाडायच्या आधी बघायला जायचा हट्ट धरायच्या, तेव्हा शिवारात बिबट्या फिरतो याची आठवण करून द्यावी लागायची. "त्यो काय मला खाईल? त्येचं दात पडतील," म्हणायच्या, पण थांबायच्या.

शिवरात्रीच्या आठवडाभर आधी पानांच्या मधून देठ वर आले. टोकाला लव असलेली, बोराएवढी कळी. सात कळ्या मोजल्या. भरतचा चेहरा जरा उतरला. पण दुसऱ्याच दिवशी पाहतो तर सातही कळ्यांनी माना खाली घातलेल्या. देठ ताठ, आणि कळी थेट जमिनीकडे तोंड करून. आत्यांनी पाणी तोडलं, मग वाढवलं, मग ताक फवारलं. माना खालीच.

"कांद्यानं मान टाकली तर काढनीला आला. मिरचीनं टाकली तर मर लागली," त्या शिवरात्रीला साबुदाण्याची वाटी बाजूला सारून म्हणाल्या. "ह्येनं फुलायच्या आदीच टाकली. म्हंजी गेलं." मग भरतकडे न बघता, "सकाळी गेणभाऊला बोलीव. शबूद म्हंजी शबूद."

भरत जिंकला होता. पण त्यालाही ती खिचडी गेली नाही. मला तर रडूच आलं. वाफा गेल्यावर या बाईनं हात कुठं ठेवायचे, हे मला कळत नव्हतं.

सकाळी आठला गेणभाऊ गवंडी फावडं घेऊन आले. आत्या मुद्दाम वाफ्याकडे पाठ करून चहा पीत होत्या.

"वयनी," गेणभाऊ वाफ्यापाशी थांबून आत्यांना म्हणाले, "ह्ये काय लावलंय वो? लई भारी रंग हाय राव."

आम्ही तिघंही वळलो. दोन देठांनी माना वर केल्या होत्या. एका कळीचं टरफल मधोमध फाटून आत केशरी दिसत होतं. दुसरी पूर्ण उघडली होती, पाकळ्या ट्रंकेतून काढलेल्या साडीसारख्या चुरगळलेल्या, आणि हळूहळू सरळ होत होत्या. माना टाकणं ही त्यांची फुलायची रीतच होती, आणि आम्ही सगळे शेतकरी त्यांना मेलेलं समजलो होतो.

आत्या उठल्या, जवळ गेल्या, बराच वेळ बघत राहिल्या. चेहरा असा खुलला होता की मला वाटलं आता गाव गोळा करतील. पण त्या म्हणाल्या, "मुदत काल व्हती. गेणभाऊ, घाला फावडं."

गेणभाऊंनी फावडं खाली टेकवलं आणि भरतकडे पाहिलं. भरत फुलापाशी उकिडवा बसला होता.

"आई, मला गाडी लावायची न्हवती गं," तो म्हणाला. "तू पडलीस त्या दिशी मी आलो तवा तू हाका मारायचीबी थांबली व्हतीस. मला वाटलं..." हे तो मलाही कधी बोलला नव्हता.

आत्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "येडा का काय. हाका मारून मारून घसा सुकला व्हता माजा. माती मऊ व्हती म्हनून वाचले. तुज्या ब्लॉकवर पडले असते, तर पुन्यांदा वाट्या बदलाव्या लागल्या असत्या." मग म्हणाल्या, "आन् पडले तर उचलायला तू हायेस की."

भरतनं बाहीनं डोळे पुसले आणि गेणभाऊंना ब्लॉक गोठ्याकडे न्यायला सांगितलं. तो मात्र तिथंच बसून राहिला.

"आता ऊठ," आत्या म्हणाल्या. "सावली पडती तुजी त्येच्यावर."