कोठीत लिंपलेला चहा

आमच्या मालकांचा कुठल्याही दुकानात एकच प्रश्न असायचा, "जास्त घेतलं तर काय कमी करता?" मग ते खत असो नाहीतर खोबरं. ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. आमचं गाव निमगाव केतकीच्या अलीकडं, ऊस कारखान्याला जायचा. त्या साली उसाचं बिल हातात पडलं आणि बारामतीच्या एका व्यापाऱ्यानं ह्यांच्या डोक्यात भरवलं, की वर्षाचा किराणा एकदम भरला तर बरेच पैसे वाचतात.

मी विचारलं, "वाचलेल्या पैशाचं काय करायचं?"

"तुला मिक्सर घिऊ."

आता सांगते, दुसरं काही म्हणाले असते तर मी कानाआड केलं असतं. पण पाट्यावर वाटून वाटून माझी मनगटं सुजलेली. चिंध्या बांधून भाकरी थापायचे मी. मिक्सर म्हटल्यावर गप बसले. तिथंच चुकले.

चैत्रात शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून किराणा आला. तूरडाळ, तेलाचे डबे, गूळ, धुण्याच्या साबणाची आख्खी पेटी आणि सुटा चहा, दहा किलो. घरात माणसं दोन. पोरं शिकायला पुण्यात. पण हे ट्रॉलीवर असे उभे, जसं काही वरातच आणलीय. डाळीला एरंडेल चोळून ऊन दाखवायचं काम अर्थात माझं. म्हणजे मनगटाच्या सुखासाठी आधी मनगटंच कामाला लागली.

त्या वर्षी ज्वारी जेमतेम झाली होती, म्हणून पत्र्याची एक कोठी रिकामी होती. ह्यांनी खाली चहा ओतायला लावला आणि वर साबणाच्या वड्या रचल्या.

"अहो, चहात साबण?"

"साबणाजवळ मुंगी फिरकत न्हाय."

"चहाला मुंग्या कवा लागल्या?"

"म्हणून काय लागायची वाट बघायची?"

आमच्याकडं ज्वारी भरली की कोठीचं झाकण शेणमातीनं लिंपतात. आत हवा गेली नाही की कीड होत नाही. ह्यांनी चहालाही तोच मान दिला. मीच लिंपलं, खोटं कशाला बोलू. चांगलं दोन बोटं जाड.

आषाढात घरातला चहा संपला आणि आम्ही झाकण फोडलं. तीन महिने चहा आणि साबण एका घरात नांदले होते. पहिला घोट घेतला आणि मला वाटलं, विसळायची राहिलेली कपबशीच घेतली. शेजारची जाऊबाई आली होती. तिनं घोटभर पिऊन कप खाली ठेवला. "बाई, चहा दिलात, आता टावेल बी द्या."

हे मात्र बशीत नाक घालून म्हणाले, "कडक हाय."

चार दिवसांनी ह्यांना एकाएकी पित्त झालं. चहा सोडला. गावात ज्याला त्याला सांगायचे, "मन घट्ट पाहिजे, मग कायबी सुटतं." लोकांनाही कौतुक. मी एकटी तो चहा प्यायचे. टाकायचा कसा? त्यात माझा मिक्सर होता ना. एकेक कप संपवला की वाटायचं, मिक्सर तेवढा जवळ आला.

श्रावणात आठवड्याच्या बाजाराला निमगावात गेले. एसटीतून उतरले तर समोरच्या हॉटेलात बाकावर आमचे मालक. पुढं बशी, बशीत चहा, शेजारी भज्यांची ताटली. पित्त पळालेलं दिसलं.

बायका हॉटेलात बसत नव्हत्या तेव्हा. मी बसले. त्यांच्याच बाकावर.

हॉटेलवाला म्हणाला, "या वैनी. तात्या आपलं रोजचं गिऱ्हाईक. सकाळी एक, दुपारी एक. साबणाचा वास न्हाय म्हणत्यात आपल्या चहाला. मला काय कळंना, असतो का कुठं?"

"असतो," मी म्हणाले. "मला बी एक आणा."

हे बशीकडं बघत बसले. चहा आला. दीड महिन्यानं तोंडाला नुसता चहा लागला. मी सावकाश प्याले, त्यांच्या ताटलीतली दोन भजी खाल्ली आणि विचारलं, "मिक्सर कवा?"

"अगं, ह्या वर्षी काय वाचंल असं दिसत न्हाय."

"कसं वाचंल? मी घरी साबण पिऊन वाचवते, तुमी हितं बसून पिताय. इंदापूरची गाडी कितीला हाय?"

गाडी अर्ध्या तासानं होती. बाजाराची पिशवी रिकामीच राहिली. इंदापूरला पोचेपर्यंत हे खिडकीबाहेर बघत होते आणि मी त्यांच्याकडं. दुकानात मी पांढरा मिक्सर निवडला. दुकानदारानं त्यात पाणी घालून फिरवून दाखवला. मी पदरानं त्याचं झाकण पुसलं, उगीचच.

हे कोपऱ्यात तोंड पाडून उभे होते. पैसे द्यायची वेळ आली तसे पुढं झाले, घसा खाकरला आणि दुकानदाराला म्हणाले, "दोन घेतले तर काय कमी करता?"