रंग सावळा, वण दोन

आमच्या मुळशीत लग्नाच्या पत्राची एक रीत होती. मुलीचा रंग एक पायरी चढवून लिहायचा. काळी असेल तर सावळी, सावळी असेल तर गव्हाळ, गव्हाळ असेल तर गोरी. वाचणाराही ते गृहीत धरून एक पायरी खाली उतरवून वाची, त्यामुळे कोणी फसत नसे. ही रीत मला माहीत होती.

पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट. मी पुण्याच्या एका दैनिकात नुकता लागलो होतो. तिथे पहिल्या महिन्यात मला एवढेच शिकवले गेले की डोळ्यांना दिसले ते लिहायचे आणि विशेषणे वाचकावर सोडायची. सुट्टीला घरी आलो तेव्हा आबांनी, म्हणजे वडिलांनी, धाकट्या बहिणीसाठी पिरंगुटच्या एका घराला पत्र लिहायला सांगितले. घर चांगले होते, जमीन रस्त्याला लागून होती. तासाभरात माहेरी येता येईल एवढ्या अंतरावर ती राहिली असती. आई गेल्यावर तेराव्या वर्षापासून चूल तिच्याकडे होती. ती लांब जाऊ नये असे आबांना वाटे. तिलाही तेच वाटत होते. पिरंगुटचे नाव निघाले की ती आतल्या खोलीत जाई, पण दाराजवळच थांबे.

मी लिहिले : वय अठरा. शिक्षण मराठी चौथी. रंग सावळा. डाव्या कानशिलावर देवीचे वण दोन. प्रकृती निरोगी. भातशेतीची सर्व कामे येतात.

आबांना वाचता येत नव्हते. त्यांनी विचारले, नीट लिहिलंस ना. मी हो म्हणालो.

पिरंगुटच्या लोकांनी पत्र रीतीप्रमाणे वाचले. मुलगी काळी, तोंड वणांनी भरलेले. ते बघायलाही आले नाहीत, उत्तरही आले नाही. आम्ही दोन महिने वाट पाहिली.

माघात एका नातेवाइकाने करमाळ्याकडचे स्थळ आणले. नवरा पस्तिशीचा, बिजवर, पहिलीची सात वर्षांची मुलगी, कोरडवाहू जमीन आणि मेंढ्या. त्यांनी पत्र मागितले नाही. येऊन बघितले आणि त्याच दिवशी सुपारी फोडली.

लग्न आमच्या दारात झाले. दुसऱ्या दिवशी वऱ्हाड एसटीने पुण्याला निघाले; तिथून रेल्वेने जेऊर आणि पुढे बैलगाडी. आबा आणि मी पुणे स्टेशनपर्यंत पोचवायला होतो. पिरंगुटला एक बाई चढल्या आणि बहिणीशेजारी बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवले आणि कुणाची लेक म्हणून विचारले. तिने गाव सांगितले, आबांचे नाव सांगितले. बाई मागे बसलेल्या आबांकडे वळल्या. पत्र ज्या घरी गेले होते, तिथल्या मुलाची त्या आई होत्या.

"पाव्हणं, आमाला तर काळी म्हून कळवलं व्हतं. अशी पोर हाय हे ठावं असतं तर मीच येऊन उचलून न्हेली असती की."

गाडीतली माणसे हसली. आबांनी माझ्याकडे पाहिले. बहीण खिडकीबाहेर बघत होती. भुकूम मागे पडले तरी तिने मान वळवली नाही. घरात पत्रे कोण लिहितो हे तिला माहीत होते.

त्यानंतर आबा माझ्याशी कामापुरते बोलत. सुट्टीला घरी गेलो की दोघे समोरासमोर बसून जेवायचो. भात करपलेला असे.

पुढच्या वर्षी रविवारच्या पुरवणीसाठी चीनवर मजकूर हवा होता. मैत्रीचे दिवस होते. एक इंग्रजी मासिक माझ्यासमोर टाकण्यात आले. त्यात एका प्राचीन सुंदरीची कथा होती. तिचे नाव मी मराठीत तीन तऱ्हांनी लिहून पाहिले. मुख्य उपसंपादकांनी तिन्ही खोडून 'एक चिनी सुंदरी' एवढेच ठेवले.

कथा अशी. सम्राटाच्या अंतःपुरात स्त्रिया इतक्या, की तो चित्रे पाहून बोलावणे धाडी. स्त्रिया चित्रकाराला लाच देत. हिने दिली नाही. त्याने तिचे चित्र बिघडवले आणि सम्राटाने तिला कधी बोलावले नाही. मग उत्तरेकडच्या भटक्या टोळ्यांच्या राजाने वधू मागितली. सम्राटाने चित्रांतली सर्वांत सामान्य निवडली. निरोपाच्या दिवशी ती प्रथमच समोर आली. सम्राट थक्क झाला, पण शब्द दिलेला होता. ती घोड्यावर बसून कोरड्या माळांच्या देशात गेली. वाटेत तिचे वाद्य ऐकून हंस उडायचे विसरले, असे कवी सांगतात. तिच्या थडग्यावरचे गवत तेवढे हिरवे राहते, असेही सांगतात. चित्रकाराचे डोके उडवण्यात आले.

मासिकात शेवटी एक टीप होती. जुन्या इतिहासात तिच्याविषयी चार ओळी आहेत आणि त्यांत चित्रकार नाही. तो नंतरच्या लोकांनी घातला. टीप मी भाषांतरात ठेवली. जागा कमी पडली म्हणून ती कापली गेली.

त्या भाऊबीजेला कात्रण घेऊन मी करमाळ्याला गेलो. तिने ओवाळले. जेवायला माझ्यासाठी भात होता; ती, तिची सावत्र लेक आणि घरचे ज्वारीची भाकरी खात होते. तिने माहेरचे भाताचे बी विहिरीजवळ टाकून पाहिले होते, ते आले नाही, असे तिच्या नवऱ्याने हसत सांगितले. माणूस चांगला होता.

दुपारी तिने कात्रण ओळीखाली बोट धरून वाचले. वाचून झाल्यावर घडी घातली.

"चिताऱ्याला मारून काय झालं? ती तर गेलीच की."

ती घडीवर बोट दाबत राहिली.

"त्याला लाच मिळाली न्हाई म्हून त्यानं तसं काढलं. त्याला कारण तरी व्हतं. तू का लिवलंस, दादा?"

दिसत होतं ते लिहिलं, असे मी सांगितले.

"मी तुला तेवढीच दिसत व्हते व्हय?"

मग ती मेंढ्यांना पाणी दाखवायला गेली. कात्रण तिने परत दिले नाही.

त्यानंतर मी दर भाऊबीजेला जात राहिलो. ती ओवाळी, भात वाढी, आबांची तब्येत विचारी. हा विषय पुन्हा निघाला नाही. चीनशी लढाई झाली तेव्हा कचेरीतला त्या देशावरचा मैत्रीचा सगळा मजकूर रद्दीत गेला आणि त्यात माझाही लेख गेला. त्याच हिवाळ्यात आबा वारले. मुळशीच्या घराला मी कुलूप लावले.

दोन-तीन वर्षांनी तिचे कार्ड आले. एवढ्या वर्षांतले पहिलेच. सावत्र लेकीला जेऊरचे स्थळ होते, घरापासून गाडीवाटेवर. पत्र तूच लिही, तिने कळवले होते. रंगाचे ठाऊक आहेच.

मुलगी सावळी होती, माझ्या बहिणीहून थोडी अधिकच. मी लिहिले : रंग गव्हाळ. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी जाणून चुकीचा लिहिलेला हा एकच शब्द. त्याची शाई वाळेपर्यंत मी पाहत बसलो. खोलीत दुसरे कोणी नव्हते. मग पाकीट बंद केले.

महिन्याने दुसरे कार्ड आले. वर पत्ता, मागे एक शब्द : जमलं. बाकी कार्ड कोरे होते.