काकूंच्या पानावरचा पाहुणा

शेजारच्या अच्युतकाका देवधरांचा कशावरच विश्वास नाही. रिटायर होऊन पाम स्प्रिंग्जच्या वाळवंटात आले, तेव्हापासून नुसत्या शंका. गोल्फच्या हिरवळीला एवढं पाणी येतं कुठून? मी त्यांना कॅन्यन दाखवायला नेलं, तर तिथला गाइड म्हणाला, इथल्या मूळ लोकांच्या जुन्या गोष्टींत कायोटी, म्हणजे इथला कोल्हा, येतोच येतो. काका पुटपुटले, "थापा!" मला असा राग आला!

सुमित्राकाकू गेल्या वर्षी गेल्या. यंदा अविधवा नवमीला काकांनी अंगणात कावळ्यासाठी पान ठेवलं. भिंतीवरचे डोमकावळे काही शिवेनात. कंटाळून काका आत गेले आणि परत येऊन बघतात तर पान साफ! संशय थेट माझ्यावर.

"तूच उचललंस ना? म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून?"

मी भडकले आणि त्यांच्याच अंगणातल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग त्यांच्यासमोर लावलं. कायोटी आला होता. त्याने पान हुंगलं, लांब गेला, परत आला. नाकाने पुरणपोळी उलटली, खालची बाजू नीट पाहिली आणि मगच खाल्ली.

काकांनी तेवढाच भाग पुन्हा लावायला सांगितला.

"सुमित्राच," ते म्हणाले. "माझ्या हातची पोळी ती अशीच उलटून बघायची."