बट म्हणजे पण

आधी चहा संपवा. घोट तोंडात असताना हे ऐकाल तर नाकातून येईल, मग मला बोल लावू नका. आणि एक, हे आमच्या शाळेपर्यंत पोचवायचं नाही. मी तिथे पाचवीला इंग्रजी शिकवते. अजूनही शिकवते, म्हणून म्हटलं!

मुरबाडात माझ्या इंग्रजीचा केवढा दरारा आहे, तुम्हाला कल्पना नाही. आळीत कुणाला बँकेचा मेसेज आला की मोबाईल आधी माझ्या हातात. वर्गात तर तक्ताच लावलाय. मी ओरडते, "अँड?" पोरं ओरडतात, "आणि!" "ऑर?" "किंवा!" "बट?" "पण!" कौलं हलतात हो! इतकी वर्षं ते 'पण' ऐकतेय, मग त्यात शंका यायची कुठून?

तर, माझी भाची सायली. धाकट्या भावाची, दत्ताची एकुलती लेक. ती लहान असतानाच तिची आई गेली, तेव्हापासून तिचा शेंबूड पुसण्यापासून तिच्या शिक्षणापर्यंत माझाच शब्द शेवटचा. आता ती शहापूरला एका लॅबमध्ये रक्त तपासते. तिला शेणव्याचं स्थळ आलं. मुलगा नीलेश, भिवंडीकडे एका गोदामात सुपरवायझर. पाहण्याच्या दिवशी आमची ही धटिंगण पोरगी चक्क लाजली. सायली आणि लाजते? तेव्हाच मी ओळखलं, मुलगा हिच्या मनात भरलाय. पुढच्याच दिवशी त्यांचा होकार आला. रविवारी साखरपुडा ठरला, दत्ताने मांडववाल्याला सांगून ठेवलं.

सगळं गोडीगुलाबीने चाललेलं. अशा वेळी मी गप्प बसावं की नाही?

मी नीलेशला मेसेज टाकला. इंग्रजीत! नव्या पाव्हण्यांना कळायला नको का, मुलीची आत्या कोण आहे ते? विचारलं, 'हाऊ यू लाइक अवर सायली?' त्या बिचाऱ्यालाही वाटलं असेल, बाईंना इंग्रजीतच उत्तर द्यावं. उत्तर आलं:

'आई अँड आय हॅड नो चॉइस बट टू से येस, अँड टू से इट क्विकली, ऑर टू लूज हर.'

वाचलं आणि मी मटकन खाली बसले.

तुम्हीच बघा ना. 'हॅड नो चॉइस.' आपल्याकडे साडीच्या दुकानात बायका काय म्हणतात? 'ही माझी चॉइस नाही.' म्हणजे पसंत नाही. पुढे 'बट', म्हणजे पण. 'टू से येस', हो म्हणायला. 'अँड', आणि. 'क्विकली', लवकर. 'ऑर', किंवा. 'लूज हर'. लूज म्हणजे सैल, सैल म्हणजे सोडणे! स्पेलिंगमध्ये एक ओ कमी होता, त्याचा अर्धा मार्क मी मनातल्या मनात कापलासुद्धा. मग जोडलं वाक्य: 'आईला आणि मला पसंत नव्हती. पण हो म्हणायचं, आणि लवकर म्हणायचं, किंवा तिला सोडून द्यायचं.'

सोडून द्यायचं! माझ्या सायलीला! अजून साखरपुडा व्हायचाय आणि पठ्ठ्या आत्तापासून सोडायची भाषा करतोय!

तशीच उठले आणि दत्ताच्या घरी गेले. सायली 'लॅबमध्ये जाते' म्हणून सकाळीच बाहेर पडली होती. दत्ता अंगणात टेम्पो धूत होता. त्याला मेसेज वाचून दाखवला, मग अर्थ सांगितला. त्याच्या हातातला पाईप टेम्पो सोडून त्याच्याच पायावर पाणी मारायला लागला.

"ताई, नीट वाचलंस ना गो?"

"दत्ता, बट म्हणजे काय?"

"मला काय म्हाईत?"

"पण! पाचवीतल्या पोराला विचार!"

"नाय, तसं नाय. पोरगा बरा वाटला गो. पाया पडला माझ्या."

"अरे, लिहून दिलंय त्याने! आणखी काय पाहिजे तुला?"

दत्ताने नळ बंद केला. मग त्याने मांडववाल्याला फोन लावला. "रविवारचं राहू दे रे. नाय नाय, पुढं नाय ढकलत. मोडलं." 'मोडलं' म्हणताना त्याचा आवाज असा चिरकला की मलाही भडभडून आलं. म्हटलं, पोरीला संध्याकाळी सांगू, आधी त्या लोकांना जाब विचारू. निघालो तसेच टेम्पोतून, किन्हवलीच्या रस्त्याने शेणव्याला. वाटभर मी इंग्रजीत भांडण जुळवत होते.

नीलेशची आई, कुंदाताई, ओटीवर तांदूळ निवडत होत्या. आम्हाला बघून सूप बाजूला ठेवून उठल्या.

"अगो बाय, बाई तुमी! या या. पानी आनते."

"पाणी नको."

"मंग चाय टाकते."

"चहासुद्धा नको!"

सोयरिकीच्या घरी चहा नाकारायचा म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. मी उभ्या उभ्याच तोफ डागली, "चॉइस नव्हती, तर आधी सांगायचं होतं!"

कुंदाताई माझ्याकडे बघत राहिल्या. आणि एकदम त्यांना उलगडा झाला.

"साकरपुड्याला घेतल्या साडीचं म्हनता व्हय! पोरीला पोपटी चॉइस नाय? मंग येवढंच ना, बदलून देल दुकानवाला! थांबा, बगा तरी."

मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी आतून साडी आणून माझ्या हातावर उलगडलीसुद्धा. पोपटी म्हणजे किती पोपटी? माझे डोळे मिटले! वर काठाला गुलाबी मोर.

"साडी नाही हो! पोरगी! पोरगी चॉइस नाही!"

"कुनाला?"

"तुम्हाला!"

"मला?" कुंदाताई भिंतीला टेकून खालीच बसल्या. "मी कवा म्हनले? अवो, मी देवापुढं नारळ ठेवलाय, ही पोर घरात येऊ दे म्हनून!" आणि पदर तोंडाला लावून रडायलाच लागल्या.

"ताई..." दत्ता हळूच म्हणाला.

"तू गप्प बस! लिहून दिलंय!"

इतक्यात दारात मोटारसायकल थांबली. नीलेश! आणि मागच्या सीटवर कोण? सायली! हातात अंगठीची डबी घेऊन खिदळत होती! म्हणजे आमच्या पोरीची 'लॅब' त्या दिवशी शहापूरच्या सोनाराकडे भरली होती! दत्ताने आ वासला. मी तर हादरलेच. नापसंत पोरगी मागे बसवून हा अंगठ्या घेत फिरतोय, याला म्हणायचं तरी काय?

"बाबा? आत्या? तुमी हितं?" सायलीचं हसू जागच्या जागी विरलं. "आनी ह्या का रडतात?"

मी मोबाईल तिच्यापुढे धरला. "वाच, काय लिहिलंय याने!"

तिने वाचलं. आणि लाजली! अहो, लाजली! नीलेशकडे बघून म्हणाली, "असं लिवलंस तू आत्याला?"

"खरं तेच लिवलं," नीलेश मान खाली घालून पुटपुटला.

"बघा! कबूल करतोय!" मी गरजले.

सायलीने माझ्याकडे नीट पाहिलं. तिला संशय आला असावा. "आत्या, तू अर्थ काय लावलास?"

मी सांगितला. शब्दाला शब्द, तक्त्यावरून वाचावा तसा.

कुंदाताईंचं रडणंसुद्धा थांबलं.

"आत्या," सायली म्हणाली, "नो चॉइस म्हंजे नापसंत नाय गो. इलाज नाय. आनी तितला बट म्हंजे पण नाय. वाचून! हो म्हनन्यावाचून इलाजच नव्हता, आनी तेपन लगेच म्हनायचं. नायतर मी हातची गेली असती."

"आणि... लूज?" माझा आवाज मलाच ऐकू येईना.

"गमावनं. त्यात एकच ओ असतो."

तो एक ओ! ज्याचा मी अर्धा मार्क कापला होता, तो!

कधी धरणी दुभंगतेय असं झालं मला. पण खरा घाव पुढेच होता. दत्ता चाचरत म्हणाला, "सायले, मी... मांडव मोडला गो. साखरपुडा मोडला म्हनून सांगितलं." पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. हातातली डबी तिने नीलेशच्या हातात दिली. मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं! नीलेशने लगोलग मांडववाल्याला फोन लावला. तोवर त्याने आमचा रविवार क्रिकेटच्या बक्षीस समारंभाला देऊन टाकलेला. गावातला दुसरा कुठलाही मांडव त्या रविवारी मोकळा नव्हता.

"माझ्या अंगणात करू," मी म्हटलं. "ताडपत्री मी लावते, जेवण मी करते, भांडीसुद्धा मीच घासते. फक्त तू रडू नकोस."

सायलीने नाक पुसलं. "इंग्रजीत काय बोलू नकोस. बाकी सगळं कर."

रविवारी माझ्या अंगणात साखरपुडा झाला. अंगठी घालून घेताना सायली माझ्याकडे बघून हसली आणि माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, सुटले!

मग मानपानाला सुरुवात झाली. कुंदाताईंनी भर अंगणात मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओटी भरली. आणि माझ्या मांडीवर ठेवली तीच पोपटी साडी. गुलाबी मोरांसकट!

"बाई, तुमची चॉइस नाय, म्हाईत हाय मला. पन जा, नेसून या. समद्यांचा फोटू काडायचाय."

"अहो ताई, नंतर नेसेन..."

कुंदाताईंनी माझ्यापुढे बोट नाचवलं. "नाय नाय! आता तुमाला नो चॉइस, बट टू नेस!"

अख्खं अंगण हसून लोळलं. दत्ता तर ताडपत्रीचा बांबू धरून हसत होता. मी मात्र सवयीने मनातल्या मनात वाक्य तपासलं. 'बट'च्या पुढे 'टू'. 'टू'च्या पुढे मूळ क्रियापद. अर्धा मार्कसुद्धा कापता येईना!

गेले आत, आणि नेसले.